आधी सावली, मग बिअर

एप्रिलमधला रविवार. दुपारचे बारा. पुण्याबाहेरचं मोकळं मैदान, आणि त्यावर बार्बेक्यू आणि बिअरचा उत्सव.

एवढ्यात मला खटकतं ते एकच. दुपारचे बारा.

आधीच सांगून टाकते. मला बिअर आवडते. निखाऱ्यावर भाजलेलं मांस तर त्याहून आवडतं. तेव्हा संस्कृतिरक्षकांनी हा मजकूर आपल्या बाजूचा समजू नये. तक्रार दारूबद्दल नाही, मांसाबद्दल तर नाहीच. दोन चांगल्या गोष्टींची एका दुपारीत माती कशी होते, ते बघून आले आणि राहवलं नाही.

गेटवर पिशव्यांची तपासणी. लायटर शोधत असतील असं वाटलं. माझ्या पिशवीतून निघाली पाण्याची बाटली, आणि तीच काढून घेतली.

"बाहेरचं पाणी आत चालत नाही, ताई."

"आत आहे का?"

"काउंटरला विकत मिळेल."

गेटच्या कडेला जप्त बाटल्यांचा ढीग. काही अर्ध्या, काही पाऊण, काहींचं झाकणसुद्धा उघडलेलं नाही. हे पाणी संध्याकाळी कुठे जाणार? कचऱ्याच्या गाडीत. एप्रिलात. महाराष्ट्रात.

आत शिरलं की मनगटाला पट्टा. त्यात आगाऊ पैसे भरायचे आणि प्रत्येक स्टॉलवर मनगट टेकवायचं. रोख चालत नाही, उरलेले पैसे परत मिळत नाहीत. अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली साठ रुपये.

आता हे ऐका. या राज्यात दारू प्यायला अजूनही सरकारी परवाना लागतो. कायदा १९४९ चा. बिअरसाठी वय २१, कडक दारूसाठी २५. एका दिवसाचा परवाना मिळतो पाच रुपयांत.

प्यायचा परवाना पाच रुपये. पाणी साठ.

मैदानात झाड किती? एक. कडुलिंब, तोही कुंपणाला चिकटलेला. त्याच्या बुंध्याशी पन्नास-साठ माणसं दाटीवाटीनं उभी, आणि समोर दोन एकर मैदान रिकामं. उत्सव मैदानात होता, माणसं झाडाखाली होती.

झाडाखाली जागा मिळाली नाही, त्यांनी बिअरच्या ट्रकची सावली धरली. दुपारी एकला ती हातभर रुंद होती. लोक ट्रकला पाठ लावून एका ओळीत उभे, हातात ग्लास, पोटं आत ओढलेली. तासाभरानं सावली थोडी सरकली. ओळही सरकली.

छत अजिबात नव्हतं असं नाही. स्टॉलवर होतं. बिअरच्या नळांवर होतं. मंचावर, ध्वनियंत्रणेवर तर दुहेरी होतं. यंत्रणा तापली की बंद पडते, म्हणून तिला सावली हवी.

आणि माणूस तापला की?

फोनवर तापमान ३९ दाखवत होतं. "चाळीससुद्धा नाही रे," शेजारचा मुलगा मित्राला धीर देत होता. त्याचा दोष नाही. हवामान खातं तापमान कसं मोजतं, हे शाळेत कुणी नीट सांगतच नाही. तापमापक असतो पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरवर. वारा आत खेळतो, ऊन आत येत नाही. म्हणजे तो ३९ चा आकडा सावलीतला. उन्हात उभ्या माणसाला त्यावर सूर्य वेगळा, पायाखालची तापलेली जमीन वेगळी, आणि इथे तर समोर शेगडी. कोळशाचा निखारा सहाशे-सातशे अंशांचा असतो.

खातं आपला तापमापक सावलीत ठेवतं. माणसं उन्हात ठेवली होती.

"अरे, म्हणून तर थंडगार बिअर!" हे वाक्य त्या दिवशी मी किमान दहा तोंडांतून ऐकलं. चला, तेही बघून घेऊ.

बाहेर एवढं तापलेलं असताना शरीराला थंड ठेवायला एकच मोठं हत्यार उरतं. घाम. एक लिटर घाम अंगावर वाळतो, तेव्हा सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. हा घाम येतो शरीरातल्या पाण्यातून. आणि दारू काय करते? मूत्रपिंडांना "पाणी राखून ठेवा" असं सांगणारं व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक असतं, ते दाबून टाकते. मग राखायचं ते पाणी वाहून जातं. बिअरच्या काउंटरपेक्षा स्वच्छतागृहाची रांग मोठी असते, ती याच कारणानं.

सौम्य बिअरच्या एका ग्लासानं कुणी कोसळत नाही. त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. प्रश्न तिसऱ्या ग्लासाचा आहे, आणि तो ग्लास कडक बिअरचा असण्याचा आहे. आपल्याकडे खपणारी बहुतांश बिअर कडकच असते, आठ टक्क्यांपर्यंत मद्यार्काची. त्याच्या जोडीला कबाब, त्यावर चाट मसाला, वर लिंबू-मीठ.

मीठ वाढवा. सावली काढा. पाणी महाग करा. काय खपेल?

बिअर ज्यांच्या रोजच्या जेवणातली, त्यांनी उन्हाचं काय केलं, हे बघण्यासारखं आहे. बव्हेरियात १५५३ मध्ये फर्मान निघालं. २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बिअर बनवायची नाही. कारणं अगदी व्यवहारी. गरमीत आंबवण बिघडतं, आणि पेटत्या भट्ट्यांनी आगी लागतात.

२३ एप्रिल! जर्मनांनी ज्या आठवड्यात भट्ट्या विझवल्या, त्याच सुमारास आपण मैदानं भाड्यानं घेतो.

मग तिथे उन्हाळ्यात प्यायचे काय? मार्चपर्यंत बनवून तळघरात साठवलेली. तळघर थंड राहावं म्हणून जमिनीवर खडी पसरली आणि वर हॉर्स चेस्टनटची झाडं लावली. या झाडाची पानं रुंद असतात, सावली दाट पडते, आणि मुळं उथळ असल्यानं खालच्या तळघराला धक्का बसत नाही. किती साधा, किती नेमका विचार! खाली बिअर गार राहिली. वर सावली झाली. सावली झाल्यावर बाकं आली, बाकं आल्यावर माणसं आली.

बिअर गार्डन असं जन्माला आलं. आधी झाड. मग बाक. मग ग्लास.

पुढची गोष्ट आणखी सुंदर आहे. तळघरवाले जागेवरच बिअर विकायला लागले, तशी म्युनिकमधल्या इतर धंदेवाल्यांच्या पोटात दुखायला लागलं. १८१२ मध्ये राजा पहिला मॅक्सिमिलियन योझेफ यानं तोडगा काढला. तळघरवाल्यांनी बिअर विकावी, जेवण विकू नये. मग लोक घरून डबा आणू लागले. ती चाल आजही टिकून आहे. म्युनिकच्या कितीतरी बिअर गार्डनांमध्ये तुम्ही घरचं जेवण घेऊन बसू शकता, फक्त बिअर तिथली घ्यायची.

तिथे घरचा डबा आत चालतो. इथे घरचं पाणी चालत नाही.

ज्या ऑक्टोबरफेस्टचं नाव घेऊन आपल्याकडे असे उत्सव भरवतात, तो पहिल्यांदा भरला ऑक्टोबर १८१० मध्ये. आता तो सप्टेंबरच्या उत्तरार्धात सुरू होतो आणि बिअर प्रचंड तंबूंच्या आत वाढली जाते. नक्कल करायला हरकत नाही. पण नकलेत ग्लास आला, बाक आलं, बँड आला. महिना आणि तंबू कुठे राहिले?

उन्हाळ्याची बिअर नसतेच का? असते की. बेल्जियमच्या शेतांवर हिवाळ्यात सेझॉन बनवून ठेवायचे आणि उन्हाळ्यात राबणाऱ्या शेतमजुरांना द्यायचे. जुन्या काळी ती हलकी असायची, कारण पिऊन पुन्हा कामावर जायचं असायचं. जर्मनीत राडलर आहे. निम्मी बिअर, निम्मं लिंबाचं गोड पेय. मैदानातल्या फळ्यावर सगळ्यात ठळक अक्षरांत काय होतं?

"स्ट्राँग. दोनवर एक फ्री."

याचं मला पुण्यात जास्त वाईट वाटतं. देशातल्या अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक, डूलाली, २००९ मध्ये इथेच सुरू झाली. पुण्याच्या पिणाऱ्याला आज गव्हाची बिअर आणि जवाची बिअर यातला फरक कळतो, फेस किती असावा यावर तो वाद घालतो. त्या दिवशीही एका छोट्या स्टॉलवर गव्हाची बिअर होती. केळ्याचा आणि लवंगेचा वास, वर दाट फेस. पहिले चार घोट इतके छान होते की मी साठ रुपयांचं पाणी विसरले.

पाचव्या घोटाला प्लास्टिकचा ग्लास हाताला कोमट लागला. सातव्याला वास बदलला.

हा माझ्या मनाचा खेळ नव्हता. बिअरमध्ये हॉप्स असतात, तिचा कडवटपणा त्यांच्यामुळे. त्यातली कडू द्रव्यं उन्हात ठेवली की काही मिनिटांत फुटतात आणि उग्र, नकोसा वास सुटतो. म्हणून तर बिअर तपकिरी बाटलीत भरतात. ती बाटली म्हणजे बिअरची छत्री. कारखान्यानं आठवडेच्या आठवडे अंधारात, थंडीत जपलेली बिअर इथे पारदर्शक ग्लासात ओतून भर उन्हात दिली जात होती.

मग लोकांनी काय केलं? ओतून दिली. दुपारी तीनपर्यंत मैदानाच्या कडेला कोमट बिअरचे ओघळ दिसायला लागले.

२०१६ चा एप्रिल आठवतो? लातूरला प्यायला पाणी उरलं नव्हतं आणि मिरजेहून रेल्वेनं ते पाठवावं लागलं. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. ती गाडी बघायला लोक स्टेशनवर जमले होते. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं मराठवाड्यातल्या मद्य कारखान्यांचं निम्मं पाणी कापायला सांगितलं, पुढे कपात साठ टक्क्यांवर नेली. आयपीएलचे सामने राज्याबाहेर हलवायला लागले ते मैदानांवरच्या पाण्यावरून. लिटरभर बिअरमागे कारखान्यात चार-पाच लिटर पाणी सहज लागतं. म्हणून बिअर पिऊच नये, असं मी म्हणत नाही. पण जिच्यासाठी एवढं पाणी खर्च झालं, ती निदान प्यायली तरी जावी.

आता बार्बेक्यू.

फलकावर बार्बेक्यू होतं. मैदानात होतं ते ग्रिल. हा शब्दच्छल नाही. ग्रिल म्हणजे जाळावर झटपट भाजणं. आपले कबाब, टिक्के त्यात आले, आणि त्यांना मी कमी लेखणार नाही. बार्बेक्यू म्हणजे लाकडाच्या धुरात, मंद आचेवर, तासन्तास. कॅरिबियन बेटांवरच्या ताईनो लोकांची ही रीत स्पॅनिश दर्यावर्दींनी पाहिली आणि बार्बाकोआ हा शब्द उचलला. टेक्सासात जर्मन आणि चेक खाटकांनी ती आपलीशी केली. तिथे ब्रिस्केट म्हणजे जनावराच्या छातीचा चिवट भाग घेतात, ११०-१२० अंशांच्या धुरात दहा-बारा तास ठेवतात. चिवट तंतू विरघळून मऊ होतात. घाई केली की चामडं.

ब्रिस्केट शिजताना एक मजेशीर टप्पा येतो. आतलं तापमान सत्तर अंशांच्या आसपास आलं की ते तासन्तास तिथेच अडतं. आच तीच, धूर तोच, पण पारा हलत नाही. कारण मांसातलं पाणी बाहेर येऊन वाळत असतं आणि त्यातून थंडावा मिळत असतो. म्हणजे मांसाला घाम येतो. पाणी संपलं की मग ते पुढे शिजायला लागतं.

मैदानात उभ्या माणसाचं शास्त्र याहून वेगळं नाही.

टेक्सासचं ऊन आपल्यापेक्षा सौम्य आहे, म्हणून त्यांना हे जमतं का? मुळीच नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात ऑस्टिन शहरात सलग ४५ दिवस पारा १०० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे जवळजवळ ३८ सेल्सिअसच्या खाली थांबला नाही. त्याच टेक्सासातल्या लेक्सिंग्टन गावात स्नोज नावाचं दुकान आहे. आठवड्यातून एकच दिवस उघडतं. शनिवारी, सकाळी आठला. १९३५ मध्ये जन्मलेल्या टूट्सी टोमानेट्झ यांनी वयाची ऐंशी उलटल्यावरही तिथल्या भट्ट्या सांभाळल्या. विस्तव रात्रीचा, विक्री सकाळची. डोक्यावर ऊन यायच्या आत माणसं खाऊन मोकळी.

आणि आपण? बारा वाजता शेगडी पेटवतो.

एका स्टॉलवर मात्र खरं काम होतं. तिशीतल्या एका मुलानं बकऱ्याचं रान आदल्या रात्री धुरावर लावलं होतं. नऊ तास. दुपारी दोनला त्यानं ते कापायला घेतलं तेव्हा सुरी नुसती टेकवली, मांस सुटून आलं. बाहेर काळपट साल, आत गुलाबी, धुराचा वास अगदी हाडापर्यंत. वर ना चटणी, ना चाट मसाला. मी आजवर पुण्यात खाल्लेल्या उत्तम मांसांपैकी ते एक होतं, हे मी कुठेही सांगायला तयार आहे.

ते मी खाल्लं कुठे? दोन स्टॉलच्या फटीत, जनित्राशेजारी उभ्यानं. ज्या मुलानं रात्र जागवली, त्याच्या ताटाला बसायची जागासुद्धा मिळू नये?

पलीकडच्या स्टॉलवर मसाला लावलेल्या कच्च्या कोंबडीचा ट्रे उघड्यावर होता. अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम आहे. हवा ३२ अंशांच्या वर असेल, तर असं अन्न तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवायचं नाही. ट्रेच्या खाली बर्फ होता, तो वितळून गेला होता. नवा बर्फ का नाही आणला? आणला होता.

तो बिअरच्या पिंपात गेला.

विस्तवावर भाजून खायला आपण काल शिकलो का? हुरडा कधी खातात? पौष-माघात. शेतात आगटी पेटवायची, कणसं त्यात खुपसायची, हातावर चोळायची, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. रायगडात पोपटी लावतात ती कधी? थंडीच्या रात्री. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, मडकं उलटं करून भोवती जाळ. लोक त्या जाळाभोवती शेकत बसतात आणि मडकं कधी उघडतंय याची वाट बघतात. जाळ हिवाळ्याचा आणि बहुतेकदा रात्रीचा. हे कुठल्या ग्रंथात लिहिलेलं नाही, तरी सगळ्यांना माहीत होतं.

उन्हाळ्यात मग मांस नव्हतं? होतं, आणि भरपूर होतं. चैत्र-वैशाखात पश्चिम महाराष्ट्रात गावोगाव यात्रा असतात. एक दिवस पुरणपोळीचा नैवेद्य, दुसऱ्या दिवशी मटण. पातेली मोठी, पाहुणे त्याहून जास्त. पण चुली पेटतात पहाटे, आणि पंगती बसतात चिंचेखाली, आंब्याखाली, नाहीतर दिवेलागणीनंतर अंगणात. माझ्या आजोळी यात्रेच्या जेवणाला पाचशे पान उठायचं. उन्हात उभ्यानं जेवलेला एक माणूस मला आठवत नाही.

लग्नंही आपण वैशाखातच लावतो. पण मांडव घालून. मांडव आधी, मुहूर्त मग. दारात आलेल्या पाहुण्याच्या हातात आधी पाण्याचा तांब्या, सोबत गुळाचा खडा. आणि चौकातली पाणपोई? ओल्या फडक्यात गुंडाळलेले रांजण, आत वाळ्याची जुडी, साखळीला बांधलेला पेला. कुणी घातली, कुणासाठी घातली, कुणी विचारत नाही.

पाणपोईवर मनगट टेकवावं लागत नाही.

मैदानात चाळीसएक स्टॉल होते. कोरियन सॉस होता, मेक्सिकन मिरची होती. ताक नव्हतं. पन्हं नव्हतं. सोलकढी नव्हती. निखाऱ्यावरच्या मांसानंतर सोलकढीचा एक पेला मिळाला असता, तर बिअरवाल्याचं काही नुकसान झालं असतं का? उलट माणूस तासभर जास्त थांबला असता आणि आणखी एक ग्लास प्यायला असता.

साडेतीनला एक मुलगी खाली बसली. चक्कर. विशीतली असेल. मैत्रिणींनी तिला कडुलिंबाखाली नेलं. लोकांनी लगेच जागा करून दिली, हे नोंदवून ठेवते. माणसं चांगलीच असतात. कुणीतरी पाण्यासाठी काउंटरकडे पळालं आणि रिकाम्या हातानं परत आलं.

"पट्ट्यात बॅलन्स नाही म्हणतायत."

शेवटी बर्फ आणला तो बिअरच्या पिंपातलाच. मानेला, काखेत लावला. रुग्णवाहिका गेटवर होती, पण गेट दुसऱ्या टोकाला होतं. मुलगी दहा मिनिटांनी सावरली. तिचं नशीब.

नशिबावर किती दिवस चालवायचं? १६ एप्रिल २०२३. खारघर. राज्याच्या सर्वोच्च पुरस्काराचा सोहळा, मोकळं मैदान, लाखो माणसं तासन्तास उन्हात. दारू नव्हती, निखारे नव्हते. नुसतं ऊन होतं. चौदा माणसं गेली. त्यानंतर राज्य सरकारनं जाहीर केलं की उन्हाळ्यात दुपारी बारा ते पाच उघड्यावर कार्यक्रम घेऊ नयेत.

माझ्या तिकिटावर वेळ छापली होती, बारा ते दहा.

पाचला सुरू करायला काय होतं? पाच ते अकरा. तिकीट तेच, बिअर तीच, आणि दुपटीनं खपेल. "परवानगी दहापर्यंतचीच मिळते," एक संयोजक म्हणाले. मग पाच ते दहा करा. बारा ते पाच या वेळात मैदानात होतं कोण? झाडाखाली साठ, ट्रकला चिकटलेले तीस, आणि मंचावर गाणारा एक मुलगा. तो बिचारा रिकाम्या मैदानाला विचारत होता, "पुणे, कैसे हो?"

सावलीला खर्च येतो, असं म्हणतात. सांगोल्याकडे जाऊन या. डाळिंबाला ऊन लागून डाग पडू नयेत, म्हणून शेतकरी झाडांवर जुन्या साड्या पांघरतो, कापड टाकतो. रोपवाटिकेत हिरवी जाळी बांधतात, ती तालुक्याच्या कुठल्याही दुकानात मापानं मिळते. डाळिंबाला सावली परवडते. तिकीट काढून आलेल्या माणसाला परवडत नाही?

आणि पाणी फुकट द्या. टँकर लावा, नळ लावा, रांजण ठेवा, काहीही करा. बिअरच्या प्रत्येक ग्लासाबरोबर पाण्याचा एक ग्लास न मागता पुढे ठेवा. ही मेहेरबानी नव्हे. उन्हात दारू विकणाऱ्याचं ते पहिलं काम आहे.

सव्वासहाला ऊन उतरलं. मैदान भरायला लागलं ते आत्ता. माणसं गवतावर पसरली, पोरं पळायला लागली, बँडला ऐकणारे मिळाले. वारा सुटला आणि धुराचा वास खरोखर धुरासारखा यायला लागला. दुपारी हाच वास डोळ्यांत जात होता. मी दुसरी बिअर घेतली, शेवटच्या घोटापर्यंत गार राहिलेली. दिवसभर जो उत्सव शोधत होते तो इथेच होता, फक्त सहा तास उशिरा.

निघताना कबाबच्या स्टॉलवर थांबले. शेगडीमागचा माणूस चाळिशीचा, नांदेडकडचा. गळ्यात ओला पंचा, तो वाळला की पुन्हा भिजवायचा. हातावर, कोपरापर्यंत, भाजल्याच्या जुन्या खुणा. आम्ही निदान झाडाखाली जाऊ शकत होतो. त्याच्या डोक्यावर होतं ते पत्र्याचं छत.

"दादा, कधीपासून उभे आहात?"

"सकाळी नऊला शेगडी लावली, ताई."

"पाणी मिळालं का?"

त्यानं स्टॉलखालची दोन लिटरची बाटली दाखवली. घरून आणलेली. कामगारांच्या गेटवर तपासणी नव्हती म्हणून वाचली. तळाशी चार बोटं पाणी उरलं होतं.

"दुपारी थोडा वेळ सुट्टी?"

"कुठली? दुपारी एक गिऱ्हाईक नव्हतं, पण शेगडी विझवायची नाही म्हणाले. धूर दिसला पाहिजे." पंचा पिळत तो म्हणाला, "बिनागिऱ्हाइकाची पाच तास पेटती ठेवली."

"उद्या सुट्टी असेल मग."

"दोन दिवसांचं आहे ना हे. उद्यापण बारालाच."